सत्यशीला डोहाळजेवणातून का उठली

बातमी अशी होती, की सत्यशीला स्वतःच्या डोहाळजेवणातून रुसून उठून गेली. समोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या, तिने एक उघडली, पेढ्याऐवजी बर्फी निघाली, म्हणजे मुलगी होणार, म्हणून बाई झोपाळ्यावरून उतरल्या आणि फुलांच्या दागिन्यांसकट चालत्या झाल्या. मार्केट यार्डातल्या फुलांच्या गाळ्यांपर्यंत ही बातमी संध्याकाळच्या आत पोचली. तिथे तिला शेपूटही फुटलं: बर्फी नवऱ्याला फेकून मारली म्हणे.

यातलं फुलांच्या दागिन्यांचं तेवढं खरं. वाट्या उघडल्याच गेल्या नव्हत्या. आवराआवरीत त्या झाकलेल्याच सापडल्या आणि पेढा व बर्फी दोन्ही प्रस्तुत लेखिकेने खाल्ली, तेव्हा ही माहिती अधिकृत समजावी.

मुळात सत्यशीला रुसणाऱ्यांतली नव्हेच. माहेर वर्ध्याकडचं. नवरा योगेश मार्केट यार्डात फुलांच्या गाळ्यावर कामाला, आणि ही घरी साड्यांना फॉल-पिको करते. "आज संध्याकाळी नेसायचीय" म्हणून दुपारी साडी आणून टाकणाऱ्या बाईलाही ती "होऊन जाईल" म्हणते. स्वतःला काही हवं असलं, की मात्र एकच वाक्य: "राहू द्या जी, कायले त्रास." एकदा गॅस संपला, तर शेजारी विचारायचं सोडून नवरा-बायकोने दोन दिवस दहीपोहे खाल्ले. जिन्यात पोरं बसलेली असली, तर "सरका" न म्हणता ती पिशवी घेऊन उभी राहते, पोरं उठेपर्यंत.

आई लांब, तिला प्रवास झेपत नाही, म्हणून डोहाळजेवण आमच्या इमारतीनेच गच्चीवर घातलं. पुढाकार अर्थात तळमजल्यावरच्या मथुराबाईंचा. मथुराबाईंचं गाव कधीच शहरात आलं, शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या. जीभ तेवढी यायची राहिली.

सत्यशीलेच्या पोटातल्या बाळाला एक खोड होती. शिलाई मशीन सुरू झालं, की ते लाथा मारायचं. हिने पाय थांबवला की तेही थांबायचं. त्या सकाळी राहिलेली एक साडी उरकायला ती मशीनवर बसली. मशीन चाललं, बाळ नाही. तिने दोरा काढून नुसतंच चाक फिरवलं. नाही. डाव्या कुशीवर पडून पाहिलं, पोटावर हात ठेवून हाक मारली. तेवढ्यात बायका फुलांचे दागिने घेऊन दारात आल्या. कायले त्रास, तिने स्वतःलाच सांगितलं आणि केस विंचरायला बसली.

झोपाळ्यावर बसल्यावर मात्र राहवेना. तिने मथुराबाईंच्या कानात सांगितलं. मथुराबाईंच्या कानात सांगणं म्हणजे अख्ख्या गच्चीला सांगणं.

"अगं, शेवटाला पोर गपच आसतंय," मथुराबाई म्हणाल्या. "हलायला जागा कुठं हाय त्याला? गुलाबजाम खा, बघ कसं उठतंय."

"गार सरबत द्या," दुसरी म्हणाली.

"माझ्या नणंदेचा मुलगा पोटात असताना फारसा हललाच नाही," तिसरी म्हणाली. "आता आयटीत आहे."

"तिथे तरी कुठे हलत असेल," प्रस्तुत लेखिकेची आई म्हणाली.

सगळ्या हसल्या. सगळ्या हसतात म्हणून सत्यशीलाही हसली. गाणी सुरू झाली. मोगऱ्याच्या हाराखाली तिचा हात पोटावरच होता. आपण उठलो तर गाणं मोडेल, पानं खोळंबतील, बायका काय म्हणतील. आणि नाही उठलो तर? यापुढचं तिने मनातही येऊ दिलं नाही. ती उठली.

"मले दवाखान्यात जायचं आहे. आत्ताच."

"चार घास खाऊन तरी जा."

"नाही."

हा शब्द तिच्या तोंडून इमारतीने पहिल्यांदा ऐकला.

दवाखान्यात बाळंतिणींच्या विभागात निशा सिस्टर होत्या. कपाळावर फुलांची बिंदी, दंडात फुलांचे बाजूबंद, असा पेशंट पाहून त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"लग्न कुणाचं?"

"डोहाळजेवण होतं जी. बाळ सकाळपासून हललं नाही. तुम्हाले उगाच त्रास..."

"द्या की. त्रास घ्यायचाच पगार मिळतो. हार काढा, पट्टा बांधायचाय."

पोटाला पट्टा बांधला आणि यंत्रातून आवाज आला, धडधड धडधड, सरळ फॉलवर मशीन पळावं तसा. सत्यशीलेने डोळे मिटले. कोपऱ्यात योगेश हातात फुलांचा मुकुट धरून रडत होता. सोनोग्राफी झाली, तीही बरी आली. थोड्या वेळाने बाळाने पट्ट्यालाच लाथ मारली.

"शेवटी बाळ गप्प होतं, असं कोण म्हणालं?" सिस्टरांनी विचारलं.

"एक आजी आहेत."

"त्यांना नमस्कार सांगा. ऐकू मात्र नका. बाळ शेवटपर्यंत नेहमीसारखंच हलायला हवं. कमी वाटलं की यायचं. उद्या पुन्हा वाटलं तर उद्याही. सरबत पीत वाट बघायची नाही."

रुसल्याची बातमी खोडून काढली ती मथुराबाईंनीच. "कसली बर्फी? वाट्या माझ्या म्होरं हुत्या," असं त्या दारोदार सांगत फिरल्या. चुकलं वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. झाकून ठेवलेलं जेवण तेवढं स्वतः वर नेऊन दिलं.

त्या आठवड्यात प्रस्तुत लेखिकेने सत्यशीलेची नक्कल करून दाखवली आणि वर पैजही लावली: "वहिनी, पुन्हा तसं झालं तर तू जाणार नाहीस. जिन्यापर्यंत जाशील, 'कायले त्रास' म्हणशील आणि परत येशील. हरलीस तर माझ्या साड्यांना जन्मभर फुकट फॉल."

"आन् तू हरली तर?"

"तू सांग."

"मथुराबाईंची नक्कल करायची. मथुराबाईंच्या समोर."

पुढे एका पहाटे योगेश गाळ्यावर गेला होता. सत्यशीलेने मशीन चालवून पाहिलं. बाळ हललं, पण जेमतेम, कुणी कूस बदलावी तसं. आमची बेल वाजली. प्रस्तुत लेखिकेने तोंडात ब्रश ठेवून दार उघडलं, तर समोर सत्यशीला, हातात फाइल.

"पैज हरलीस," ती म्हणाली. "रिक्षा बोलाव."

मथुराबाई न बोलावता रिक्षात चढल्या आणि फाइल स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या.

"आज फुलं नाहीत?" निशा सिस्टर पट्टा बांधता बांधता म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. आवाज मधेच मंदावत होता, पुन्हा सावरत होता. डॉक्टर आल्या, त्यांनी वेळ दवडला नाही, ऑपरेशन केलं. योगेश अंगाला झेंडूचा वास घेऊन धापा टाकत पोचला, तोवर मुलगी झाली होती. लहानखुरी, पण आवाज जिना दणाणेल असा.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या.

सत्यशीलेने निशा सिस्टरांचा हात धरला आणि सोडेचना. मथुराबाईंनी बाळावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "माझं ऐकलं न्हाईस," त्या सत्यशीलेला म्हणाल्या, "लई उपकार झालं बघ."

बारशाला पैज फेडावी लागली. प्रस्तुत लेखिकेने पदर खोचला, हात कमरेवर ठेवला आणि भर बायकांत म्हणाली, "अगं, शेवटाला पोर गपच आसतंय." हशा झाला. मथुराबाई पाळण्याची दोरी धरून शांतपणे ऐकत होत्या.

"आवाज बरूबर हाय," त्या म्हणाल्या. "पण ते जुनं झालं. आता मी म्हणती, पोर गप वाटलं की ऊठ आन् रिक्षा कर. नवं शीक."

"शिकेल ती," सत्यशीला पलीकडून म्हणाली. "पैज फेडून झाली असंल तर सरक. पाळणा दिसत नाही मले."