हौशाने चाटलेलं चित्र

केनवडला चंपतभाऊंना दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे त्यांच्या मळ्यातली काटेरी वांगी, आणि दुसरी म्हणजे पोळ्याला ते बैलांवर काढायचे ती चित्रं. वांग्यांबद्दल आजही कोणालाही विचारा, लोक सांगतील. चित्रांचा विषय निघाला की विडी पेटवतात नाहीतर मोबाइल बघतात. त्या गोष्टीत माझा वाटा आहे, म्हणून मलाच बोलायला हवं. माझं नाव हरीओम. गावात माझं रंग, खिळे, पाइप असल्या सामानाचं दुकान आहे.

पोळ्याला सगळीकडे बैलाच्या अंगावर गेरूचे गोल ठसे उठवतात. वाटीचा काठ गेरूत बुडवला, टेकवला, झालं. चंपतभाऊंना ते बघवायचं नाही. "बैल हाय का पोस्टाचं पाकीट?" म्हणायचे. ते ज्याचा बैल त्याचं शेत त्याच्या अंगावर काढायचे. गेरू, चुना, हळद आणि तव्याची काजळी, एवढीच सामग्री. पाठीच्या कण्याची टेकडी व्हायची, बरगडीखालच्या वळीचा नाला व्हायचा, आणि बैलाने श्वास घेतला की तो नाला हलायचा. मी मोठ्या शहरांतली चित्रं पाहिली आहेत. हलणारा नाला कुठे दिसला नाही.

पण टिकायचं किती? पोळ्याच्या सुमाराला पाऊस काही गावाला सोडत नाही. एक चांगली सर आली की टेकडी, नाला, बाभळी सगळं बैलाच्या पायांवरून गोठ्यात. चाळीस वर्षांत त्यांचं एकही चित्र शिल्लक राहिलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते राधिकाच्या लग्नानंतर.

राधिका त्यांची एकुलती एक मुलगी. पाच वर्षांची असल्यापासून करवंटीत गेरू कालवून द्यायची, आणि चित्र झालं की पहिलं मत तिचं. "बगळा लठ्ठ झाला बाबा," असं म्हणाली की बापलेकीचं भांडण जुंपायचं आणि शेवटी बगळा बारीक व्हायचा. तिला आसेगावला दिली. तिच्या सासरी बैल आहेत, म्हणजे पोळा तिथलाच. बैल दारात आले की पाय धुवायला, ओवाळायला घरची सून हवीच. ती माहेरी यायची महालक्ष्म्यांच्या जेवणाला, पोळ्यानंतर आठ-नऊ दिवसांनी, आणि तोवर बैल धुतलेल्या ताटासारखे कोरे. सहा वर्षं असंच चाललं. मी फोटो काढून पाठवायचो. त्यावर ती बापाला फोनवर म्हणाली, "फोटोत बैल दिसते बाबा, चित्र नाही दिसत."

हे वाक्य त्यांना लागलं. गेल्या पोळ्याच्या चार दिवस आधी ते दुकानात आले.

"हरी, असा रंग दे का पाण्यानं जाणार नाही."

"काहून? बैलाले गेट समजले का?"

"हासू नोको. राधी येईलोक टिकलं पाह्यजे. एक डाव तिनं पाह्यलं का बस. मंग गेलं तरी चालते."

मी हसलोच. मग फळीच्या मागून दोन डबे काढले, एक काळा आणि एक शेंदरी. लोखंडी फाटकाला गंज चढू नये म्हणून पहिला हात देतात, तो शेंदरी. डबा माझ्या वडिलांच्या काळातला, झाकण ठोकून उघडावं लागलं. वर साय धरली होती, खाली रंग मधासारखा घट्ट. मी फुशारकीने सांगितलं, "जुना माल हाय चंपतभाऊ, असा आता भेटत नाही. बैल मरन पण रंग नाही जाणार."

हे मी बोललो. शब्दन् शब्द आठवतो, कारण विसरायचा फार प्रयत्न केला.

गावात आता बैलजोड्या बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यांतली उदयसिंगची जोडी नावाजलेली. चांद्या पांढराशुभ्र, हौशा तांबडा. एका गाईचे नव्हेत, पण दोघं लहानपणापासून एका दावणीला, एका जुवाखाली. चंपतभाऊंनी चांद्या निवडला. खांदमळणीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, पहाटेपासून दुपारपर्यंत ते एकटे गोठ्यात होते. तोरणाखाली चांद्या आला तेव्हा वाजंत्री थांबली. वशिंडापासून पुठ्ठ्यापर्यंत उदयसिंगचं अख्खं शेत होतं. विहीर, मोट बंद पडल्यावर गंजलेलं तिचं चाक, सोयाबीनच्या काठाने चाललेले बगळे, आणि मधोमध चांद्या-हौशाची जोडी, पाठमोरी, नांगराच्या तासाला लागलेली. इतकं चांगलं त्यांनी कधी काढलं नव्हतं. बैल दारात आले तेव्हा गोमतीबाई, उदयसिंगची बायको, ओवाळायचं विसरून बघत राहिल्या.

रात्री पाऊस आला. सकाळी चंपतभाऊ अनवाणी पळत गोठ्यात गेले. चित्र जसंच्या तसं. लहान मुलासारखे खुश होते. त्यांनी आसेगावला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "ये लवकर."

मी पण गेलो बघायला. हौशा मान वळवून चांद्याची पाठ चाटत होता. हे काही नवीन नव्हतं. जोडीतली जनावरं एकमेकांना चाटतातच, आणि जिथे आपली जीभ पोचत नाही तिथे जोडीदाराची पोचते. हौशा मोठ्या आवडीने चाटत होता, थांबायला तयार नव्हता. चंपतभाऊ म्हणाले, "पाह्य, त्याले बी आवडलं." मी व्हिडिओ काढला, 'भावाचं प्रेम' असं लिहून स्टेटसला ठेवला. साठ-सत्तर लोकांनी पाहिला. त्यात शेतकरी होते, मास्तर होते, बदाम पाठवणारे होते. एकालाही काही खटकलं नाही. आमच्याकडे गेरू चाटलेला बैल आजवर कधी आजारी पडला नव्हता ना.

चौथ्या दिवशी हौशाने वैरण सोडली. दात करकर खायला लागला. मग भिंतीला डोकं लावून उभा राहिला, ढकलल्यासारखा. उदयसिंगने हाक मारली तर आवाजाकडे वळला आणि सरळ खांबावर आदळला. त्याला दिसत नव्हतं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हौशाचा जबडा उघडला, चांद्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा रंग कोणी लावला? शिसं असतं यात. जनावराला गोड लागतं, म्हणून चाटत राहतं."

औषधं झाली, सलाइन झाली. सहाव्या दिवशी दुपारी हौशा गेला. त्याला न्यायला ट्रॅक्टर आला तेव्हा चांद्या दावं तोडून मागे निघाला, तिघांनी धरला.

गावाने चंपतभाऊंना नको नको ते ऐकवलं. म्हातारचळ, बैलमाऱ्या, पोरीच्या हौसेपायी दुसऱ्याचं वाटोळं. ते ओट्यावर बसून ऐकत राहिले. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. डबा कुठून आणला हे लोकांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, उदयसिंगने विचारलं. "होता घरात," म्हणाले. मी तिथेच उभा होतो. माझी जीभ उचलली नाही. लाज वाटते सांगताना, पण त्या वेळी मला आधी हायसं वाटलं होतं.

नंतर चंपतभाऊ रॉकेल आणि चिंध्या घेऊन गोठ्यात गेले. घासून घासून चांद्याची कातडी लाल झाली, रंग हलला नाही. केस कापायला कात्री काढली, तर गोमतीबाईंनी हात धरला. "राहू द्या भाऊ. हौशा तेवढाच राह्यला आता."

महालक्ष्म्यांच्या जेवणाला राधिका आली. तिला वाटेतच सगळं कळलं होतं. बापाच्या शेजारी ओट्यावर बसली. मी समोरच्या घराच्या आडोशाला उभा होतो, पुढे जायची हिंमत नव्हती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी उदयसिंग दिसला, हातात चांद्याचा कासरा. वाटलं, आता भर सणात पोरीदेखत तमाशा होणार.

उदयसिंगने चांद्याला ओट्यासमोर आडवा उभा केला, चित्राची बाजू घराकडे. म्हणाला, "तुह्यासाठी काढलं होतं म्हंतात बाई. पाहून घे."

राधिका खाली उतरली. विहिरीपासून बगळ्यांपर्यंत तिने सगळं बघितलं. मधल्या जोडीतल्या तांबड्या बैलावरचा रंग ओला होता तेव्हाच हौशाच्या जिभेने उडाला होता, तिथे ती थांबली. चांद्याने श्वास घेतला, नाला हलला.

चंपतभाऊ मान खाली घालून बसले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही बहुतेक. खालमानेनेच, चोरट्या आवाजात त्यांनी विचारलं, "कसं झालं वं?"

राधिकाने एकदा उदयसिंगकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"चांगलं झालं, बाबा," ती म्हणाली. "बगळे बी बरोबर हायेत."

तेव्हा चंपतभाऊ रडले. सगळ्या गावाच्या शिव्यांनी न रडलेला माणूस सत्तराव्या वर्षी ओट्यावर हमसून हमसून रडला, आणि उदयसिंग कासरा धरून तसाच उभा राहिला.