चार ओहमचे स्पीकर

तुमच्या बाबांनी पाठवलेल्या दोन स्पीकरांच्या मागे बारीक इंग्रजीत ‘चार ओहम’ असे लिहिले आहे. जन्मभर इंग्रजी शिकवूनही मी ती ओळ वाचली नव्हती.

आजोबांना त्यांवर एकच कॅसेट ऐकायची होती. माकणीच्या त्यांच्या थोरल्या बहिणीने म्हटलेली भूपाळी, आणि मध्येच सुनांना हाणलेल्या दोन शिव्या. वन्सं आता नाहीत. आजोबांचे ऐकणेही तेव्हा कमी होत चालले होते. आधी पाखरे गेली, मग कुकरची शिट्टी. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की उरलेलेही जाईल, आणि यंत्र लावले तरी शब्द कळतीलच असे नाही. म्हणजे जे ऐकायचे ते लवकर ऐकायला हवे होते.

कळंबहून अँप्लिफायर आणला. आपल्याकडे तो वॅट बघून घेतात. आकडा मोठा तेवढी वस्तू चांगली. तीन दिवस बरा चालला. चौथ्या दिवशी आजोबांनी अँप्लिफायरच्या मागच्या, तार जोडायच्या त्याच खिळ्यांना आणखी एक तार जोडून दोन जुने स्पीकर स्वयंपाकघरात लावले.

“भाकरी थापताना तुलाही ऐकू येईल,” म्हणाले.

लग्नाच्या मांडवात आपण असेच बघतो. मशीन एक, आणि कर्णे पार शेवटच्या पंगतीपर्यंत. दुपारी जळका वास आला आणि अँप्लिफायर बंद पडला.

कळंबच्या वयस्कर कारागिराने झाकण उघडले.

“बाई, ही जोडणी कुणाची?”

“आमच्या ह्यांची.”

“मास्तरांची? मग शाळंचं फ्यूज का उडायचं ते आज कळलं!” हसून झाल्यावर त्यांनी समजावले. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचे माप. स्पीकर जेवढा कमी अडवतो, तेवढी जास्त वीज अँप्लिफायरकडून ओढतो. दोन जोड्या एकत्र जोडल्या की अडवणूक निम्मी होते, चाराची दोन, आणि अंगात दम नसलेला अँप्लिफायर तापून जळतो. “मांडवाचं मशीन येगळं, कर्णेबी येगळे. वॅट समदेच इचारत्यात. चार ओहमला तगंल का, हे कुणी इचारत न्हाय.”

मी एक वही केली. प्रत्येक अँप्लिफायरला एक पान: आठ ओहमला किती वॅट, चारला किती, दोनला टिकतो का, आणि वजन किती, कारण जड मशीनमध्ये दम जास्त. बरेचसे आठवरच थांबत. काही चार म्हणत, पण खाली तळटीप असे, ‘एकच जोडी’. कंपन्यांना पत्रे लिहिली, उत्तरांची वाट पाहिली.

कारागीर कंटाळले. “बाई, हे जड हाय ते न्या आन् सैपाकघरातली तार तोडा. झालं!”

त्यांचे बरोबर होते. पण ती तार आजोबांनी माझ्यासाठी ओढली होती. चुकीची होती, हे मला त्यांना सांगायचे नव्हते. दोन ओहमलाही टिकेल असाच अँप्लिफायर हवा, म्हणून मी अडून बसले. संक्रांतीला सुरू केलेला शोध पाडव्यानंतर संपला.

नवा अँप्लिफायर आला. दोन्ही खोल्यांत वन्सं भूपाळी म्हणू लागल्या, स्वच्छ, शिव्यांसकट. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. आजोबा खुर्चीत बसून होते.

“लाव ना,” म्हणाले.

मी मान हलवून अँप्लिफायरच्या लागलेल्या दिव्याकडे बोट दाखवले. आवाज वाढवला. कपाटातली काच थरथरू लागली. त्यांनी उठून स्पीकरच्या कापडावर तळवा ठेवला.

“हलतंय काहीतरी. कोण बोलतंय ते कळत नाही. हाही बिघडलाय का गं?”

मी कागदावर लिहून दिले की अँप्लिफायर चांगला आहे. त्यांनी ते दोनदा वाचले, कागदाची घडी घातली.

“मग बंद कर,” म्हणाले. “उगाच तापेल.”