फाटकापाशी राहिलेले बाबा

दोन्ही बाजूंना उललेला कापूस, मधून बैलगाड्यांची पांदण, आणि पांदणीच्या तोंडाशी सुस्कारा टाकून थांबलेली आमची दारव्ह्याची छोटी डिझेलगाडी... डब्यात डिझेलचा उग्र वास, आणि पेरूच्या टोपल्यांचाही. फाटकावर माणूस नसे. गाडी थांबायची, कोणीतरी उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मग फाटक उघडून तो माणूस धावत येऊन चढायचा. हे काम गार्डकाकांचं. पण त्यांचे गुडघे दुखत, म्हणून नेहमीचे प्रवासी ते आपापसांत वाटून घेत. बाबांना त्यात मोठा मान वाटे.

त्या हिवाळ्यात कापसाचे भाव पडले होते. बाबा सरकी काढायच्या ज्या जिनिंगमध्ये मुकादम होते, ती आठवड्यातून दोनच दिवस चाले. म्हणून त्यांना माझ्याबरोबर यवतमाळला यायला सवड होती — इंग्रजी शाळेतल्या मुलाखतीला. मी आठ वर्षांची होते. गाडीत बसतानाच त्यांनी बजावलं होतं, "आजच्या दिस मराठी बंद. शाळेपर्यंत एक शब्द नाही. समजलं?"

मला इंग्रजीतली पाठ केलेली सहा वाक्यं येत होती.

फाटक लावायला बाबा उतरले; गाडी पलीकडे गेल्यावर ते फाटक उघडत होते, तेव्हा तिथं थांबलेल्या कापसाच्या बैलगाडीचा एक बैल बुजला. बाबा त्याची वेसण धरून राहिले. ते पुढच्या डब्यात चढले असतील, अशा समजुतीनं गार्डकाकांनी हिरवी झेंडी दाखवली. गाडी हलली. खिडकीतून मला बाबा दिसले — पँट दुमडलेली, चपला हातात, केसांत कापूस, दुसरा हात हलवत रुळांमधून धावणारे... समोरच्या बाकावर टाय लावलेल्या दोन मुली बसल्या होत्या, त्याच शाळेतल्या. त्या खिडकीत वाकून हसत सुटल्या.

"अव माय! कोनाचा माणूस राह्यला व?" पेरूवाली मावशी ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तुहा बाप हाय का तो?"

मी फ्रॉकच्या घडीकडे बघत राहिले. मान हलवली नाही, ना होकारार्थी, ना नकारार्थी.

पुढच्या स्टेशनावर, लाडखेडला, गाडी थांबली, आणि पाठोपाठ बाबा कोणाच्या तरी सायकलवर डबलसीट येऊन पोचले; घामानं निथळत, हसत. "आवाज काहून नाही देल्ला व?"

"लय इचारलं मी," मावशी म्हणाली. "मुकी हाय का हे पोरगी?"

बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मुकी कायची! म्याच सांगतलं होतं, मराठी बंद! पाहा, बाप राह्यला तरी शब्द मोडला नाही पोरीनं."

सारा डबा हसला. त्या मुलीही. मला प्रवेश मिळाला.

आता ती गाडी बंद आहे. रुळांवर गवत वाढलंय. मी तेव्हा गप्प का राहिले, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. आज्ञा पाळली? इंग्रजी शब्द शोधत राहिले? की ते माझे बाबा आहेत हे त्या दोघींना कळू नये म्हणून...? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. बाबांचं मात्र ठरलेलं आहे. घरी कोणी पाहुणा आला की ते अभिमानानं लेकीच्या शब्दाची गोष्ट सांगतात, पाहुणा कौतुकानं माझ्याकडे बघतो, आणि मी चहाचे कप गोळा करू लागते, ते रिकामे झालेले नसले तरीही.