नव्या वसतिगृहाच्या चाव्या

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, कारण त्या चोरीत विकण्याजोगे काहीच गेले नव्हते.

धरणगावजवळ मुलींचे नवे वसतिगृह बांधून पूर्ण झाले होते. दुसऱ्या दिवशी ताबा द्यायचा होता. त्याच्या आदल्या सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज घेऊन आला. सगळ्या खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा साइट ऑफिसमधून नाहीसा झाला होता.

मी जाऊन जागा पाहिली. नवे नळ, पंखे, वायरची बंडले जागच्या जागी. एकही कुलूप फोडलेले नाही. नुसत्या चाव्या नेऊन कोणाला काय मिळणार? प्रश्न डोक्यातून जाईना.

दुपारी समोरच्या चहावाल्याने खबर दिली. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिथले वयस्क गवंडी एकटेच ऑफिसात शिरले होते. त्यांना ठाण्यात बोलावले. तासभर ते मान खाली घालून बसले. सराईत चोर असा गप्प बसत नाही. तो खोटे बोलतो. मी दमदाटी केली नाही.

"आबा, चाव्या नसल्या तर उद्या काय अडेल?" मी विचारले.

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिले. "ताबा," ते म्हणाले. "मी चोर नही शे, साहेब. मांगली गॅलरीनं रेलिंग नुसतं पिलास्तरमा उभं शे. दोनदा सांगं, कोनी आयकं नही. पोरी तठे टेका लावतीन."

ताबा घेणाऱ्या सरकारी इंजिनिअरांना सोबत घेऊन आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीत गेलो. रेलिंगला चकचकीत रंग दिला होता. मी दोन्ही हातांनी ते ढकलले. बुडाशी प्लास्टर तडकले आणि अख्खे रेलिंग बाहेर कलले. इंजिनिअरांनी तिथेच ताबा नाकारल्याचे लिहून दिले.

आबांनी भाकरीच्या फडक्यातून जुडगा काढून माझ्या हातात ठेवला. तक्रार अर्ज त्याच दिवशी मागे घेतला गेला. पुढे रेलिंग स्लॅबमध्ये नीट बसवल्यावरच मुली राहायला आल्या.

चोरीत काय गेले, हे मी नेहमी आधी विचारत असे. त्यानंतर, ते गेल्याने काय अडले, हेही विचारू लागलो. पण खरा धडा निराळाच होता. निघताना मी आबांना म्हणालो, "चाव्या कशाला नेल्या? सरळ ठाण्यात येऊन सांगायचे."

ते म्हणाले, "तुम्ही तरी आयकं अस्तं का?"