मधल्या घरातल्या सागवानी फळ्या

नाथाजी हवालदार फौजेतून पेन्शनीवर आले, पण त्यांची शिस्त काही पेन्शनीवर गेली नाही. पाटणजवळच्या आमच्या गावात त्यांची चादर कुणी विस्कटलेली पाहिलेली नाही. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे ही शिस्त मला बोलणी खाऊनच ठाऊक. पण मागच्या वर्षी त्यांच्या बायकोची, अंजनाकाकींची, डावी बाजू लुळी पडली आणि हा ताठ माणूस वाकला.

डॉक्टरांनी काकींना रोज घरात चालायला सांगितलं होतं. चालणं सुटलं तर पाय कायमचा जाईल, असंही सांगितलं होतं. आता चालायचं कुठं, तर मधल्या घरात. तिथं देव्हारा, म्हणजे चप्पल घालायचा प्रश्नच नाही. देवासमोर चप्पल घालण्यापेक्षा काकींनी पाय गेलेला पत्करला असता. खाली शहाबादी फरशी, आणि आमच्याकडे पावसाळ्यात फरशीलाही घाम फुटतो. गार लागलं की काकींचा पाय आखडायचा आणि त्या खाटेकडे वळायच्या.

हवालदारांनी थंड मुलखात नोकरी करताना लाकडी जमिनी पाहिल्या होत्या. त्यांनी ठरवलं की फरशीवर लाकूड घालायचं, आणि तेही जुनंच, मुरलेलं. सांगलीजवळ माधवनगरला एका बंद गिरणीचा सागवानी माळा उतरवत होते. आम्ही टेम्पो घेऊन गेलो. बंदुकीची नळी तपासावी तशी एकेक फळी डोळ्याशी धरून हवालदार तिचा सरळपणा बघत होते. विकणारा कंटाळून चहाला गेला. मीही जाणार होतो, पण माझी हिंमत झाली नाही.

भर उन्हाळ्यात अंगणात बसून त्यांनी फळ्यांमधले गंजके खिळे उपटले. बाळासो सुताराने रंधा मारला. फरशीवर प्लास्टिक अंथरलं, त्यावर पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या. वरून जवसाचं तेल पाजलं. ही जमीन धुवायची नाही, पिळलेल्या फडक्याने फक्त पुसायची, असा हुकूम निघाला. पुसायचे मात्र ते स्वतःच.

आणि काकी चालायला लागल्या. आधी भिंतीला धरून, मग हवालदारांचा हात धरून आणि पाऊस लागला तोवर एकट्या. खाटेपासून देव्हाऱ्यापर्यंत जाऊन त्या स्वतःच्या हाताने दिवा लावायच्या. "पायाला ऊब लागतीया," असं त्या येईल त्याला सांगायच्या. मला फार बरं वाटायचं.

श्रावणात हवालदारांचे चुलते वारले. दहाव्याला सुतक फिटतं आणि त्या दिवशी भावकीतलं प्रत्येक घर धुवून निघतं. काकींना जमणार नाही म्हणून त्यांचं घर धुवायला राहीबाई बायका घेऊन आल्या. राहीबाई भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या. हवालदार आणि मी नदीवरचे विधी उरकून परतलो, तेव्हा पहिली बादली ओतून झाली होती.

"काकू, हितं फडक्यानं पुसलं तर न्हाई का चालायचं?" हवालदार दारातूनच म्हणाले.

"नाथा, चुलता गेला तुजा," राहीबाई म्हणाल्या, "आन तू फळ्या बघतुस व्हय रं?"

सगळी भावकी बघत होती. सकाळीच डोकं भादरलेला तो माणूस उंबऱ्याशीच उभा राहिला आणि त्याच्यासमोर दुसरी बादली ओतली गेली. मीही त्यांच्या मागेच थांबलो. राहीबाईंचा मला आजही राग येतो, पण त्यांच्या जागी माझी आई असती तर तिनेही बादलीच उचलली असती. त्या बायका दुसऱ्याचं घर धुवायला आल्या होत्या. त्यांना म्हणायचं तरी काय?

पाणी फटींतून उतरलं आणि खाली प्लास्टिकवर साठून राहिलं. वर पाऊस उघडीप देईना. हवालदारांनी पंखा लावला, शेगडी ठेवली, पोती अंथरली. फळ्या फुगल्या, एकमेकींना रेटून मधोमध उचलून आल्या. बाळासो येऊन बघून गेला. "ऊन पडल्याबिगर हात लावता येत न्हाई," म्हणाला. श्रावणात आमच्याकडे ऊन कुठून आणायचं?

मग एका सकाळी दिवा लावायला निघालेल्या काकींचा ओढता पाय उचललेल्या फळीला अडकला. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. त्यानंतर त्या उठल्याच नाहीत. हवालदारांनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, एकदा तर माझ्यासमोर हात जोडले. काकी नुसती मान हलवायच्या.

दिवाळीच्या सुमाराला ऊन पडलं तोवर फळ्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या. हवालदारांनी त्या उपटायला घेतल्या, मी बाहेर नेऊन टाकत होतो. खाली तीच गार फरशी निघाली. शेवटची फळी खाटेलगतची होती. तिला पहार लावली तशा काकी म्हणाल्या, "आवं, येवढी राहू द्या. तुमी मला पाय खाली सोडून बसवता तवा टेकायला हुईल."

हवालदारांनी पहार बाजूला ठेवली.