मितिंगचा पाय

आमच्या किनाऱ्यावर हापूइतका हट्टी माणूस दुसरा नाही. मी त्याची शेजारीण. हे त्याच्या तोंडावरही सांगत आलेय.

सुगीनंतरच्या शर्यतीत त्याच्या काळ्या घोड्याच्या, मितिंगच्या, पुढच्या पायाची शीर दुखावली. नळीमागची ती जाड शीर सुजून टम्म झाली. सगळे म्हणाले, खाटकाला देऊन मोकळा हो. हापूने कोणाचं ऐकलं नाही. घोडा ट्रकात घालून घरी आणला.

तेव्हापासून रोज सकाळी दोघं समुद्रात. गुडघाभर गार पाण्यात घोडा उभा आणि शेजारी हापूही उभा. बाहेर आले की जुन्या लुंगीच्या पट्ट्या बांधायच्या. फार आवळल्या तर रक्त अडतं, सैल सोडल्या तर आधार मिळत नाही. पट्टी सोडली की उपड्या हाताने आधी दुखऱ्या पायाची ऊब बघायची, मग चांगल्या पायाची. चालवायचं ते ओल्या, घट्ट वाळूवरून. कोरड्या वाळूत खूर रुततो आणि शीर ताणली जाते. मी अंगणात मागावर विणत बसलेली असायची, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर.

"बायकोचे पाय कधी चेपलेस का रे?" मी विचारायची.

"तिने कुठली शर्यत जिंकलीय?"

"तुमच्याशी लग्न केलं तीच शर्यत," घरातून लिका ओरडायची, "आणि हरले!"

पावसाळा सरला तशी सूज उतरली. घोडा दुडकी चालू लागला. आणि नेमका तेव्हाच लिकाच्या वडिलांच्या दफनाचा दिवस ठरला. म्हातारा जाऊन काही वर्षं झाली होती. आमच्यात त्याची घाई नसते. सगळी तयारी होईपर्यंत तो कापडांत गुंडाळलेला घरातच बसून होता. आता जावयाने घोडा द्यायचा. थडग्यापाशी तो कापतात, आणि त्याच्यावर बसून म्हातारा पूर्वजांच्या गावी जातो. लंगडा घोडा मात्र कोणी घेत नाही. तो जावयाच्याच दारात राहतो, आणि भाऊबंदांपैकी कोणीतरी दुसरा देतो.

लिकाचा भाऊ रिही घोडा बघायला आला. "दाजी, जरा चालवून दाखवा."

मी हापूला बाजूला घेतलं. "कोरड्या वाळूतून ने. चार पावलांत लंगडेल, आणि घोडा तुझ्याकडेच राहील."

त्याने ऐकून घेतलं. लिका दारातून बघत होती. हापू लगाम धरून सरळ पाण्याच्या कडेला गेला आणि ओल्या वाळूवरून मितिंगला पळवत आणलं. पाय कुठे अडखळला नाही.

"झकास!" रिही म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "हात दाखवून अवलक्षण! एवढं कशाला केलंस रे मग?"

"अक्का, माझ्या गोठ्यात शेपूटसुद्धा नव्हतं तेव्हा म्हाताऱ्याने पोरगी दिली. त्याला लंगड्या घोड्यावर बसवू?" त्याने वाकून त्या पायावरून हात फिरवला. "आणि हा पाय मी बरा केलाय. मीच कसा बिघडवू?"

मला वाईट वाटलं, रागही आला, आणि कोणाचा ते कळेना. लिका आत जाऊन रडत होती. बापासाठी की घोड्यासाठी, मी विचारलं नाही.

तोवर रिही मितिंगवर बसलासुद्धा होता. हापूने लगाम धरला.

"उतरा. टेकडीला दगड आहेत. हाताने धरून न्या. ओढा लागला की थोडा वेळ पाण्यात उभा करा."

"दाजी, परवा कापायचाय त्याला."

"ठाऊक आहे मला. परवापर्यंत तरी दुखायला नको."

रिही खाली उतरला आणि लगाम धरून पायीच टेकडीकडे निघाला.