पहिल्या हाकेला ओ

प्लेगाच्या दिवसांत सोलापुरात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. उंदीर पडले, गल्ल्याच्या गल्ल्या गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेल्या, तरी हा नेम सुटला नाही. माणूस असेल तर तीनदा बोलावील. एकदाच हाक मारून गप्प होते ती मरीआई. मागच्या साथीत मल्लव्वा सुईणीच्या पोरानं, गुंडानं, भाकर मोडता मोडता अशाच एका हाकेला "ओ, आलो!" म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी तिचं एकुलतं एक पोर गेलं.

आज भर दुपारी ती शेजारच्या केराबाईला घेऊन आपल्या बंद घरातली ज्वारी न्यायला आली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पोतं उचललं, आणि—

"अव्वाऽ!"

दोघी जागीच थिजल्या. सगळी गल्ली मल्लव्वाला अव्वाच म्हणायची. गुंडाही.

"तोंड उघडू नगंस," केराबाईनं तिचा दंड आवळला. "दुसरी यिऊ दे."

दुसरी आली नाही.

"चल की! पोराचं काय झालं, इसरलीस व्हय?"

"इसरंन कशी गं?" मल्लव्वा म्हणाली. "पर अडलेल्या बाईला तीनदा वरडायला दम कुटनं यायचा?"

"हितं माणूस न्हाय. बाळंत कोण हुतंय, हडळ?"

मल्लव्वानं गळ्यातलं शिवलिंग मुठीत धरून ग्रामदैवताला विनवलं. "सिद्धरामा, भ्या काय जात न्हाय बघ. तू संगं चल, म्हंजे झालं." आणि ती मोठ्यानं म्हणाली, "ओ! आले गं!"

पोतं तिथंच टाकून केराबाई पळत सुटली.

गल्लीतल्या तिसऱ्या दाराला बाहेरून कडी होती; मल्लव्वानं ती काढून दार ढकललं. आत शेजारच्या रामहरीची बायको गोजरबाई तापानं फणफणलेली. प्लेगाची गाठ येणार म्हणून घरचे तिला कोंडून गेले होते. दिवस भरलेले, कळा सुरू.

घटकाभरात पोरगी रडली.

"बरं झालं हाक मारलीस," मल्लव्वा म्हणाली.

"मी?" गोजरबाईनं चावून चोळामोळा झालेला पदर दाखवला. "सकाळधरनं ह्यो बोळा तोंडात हाय. तुमाला हाक मारली आन् मरीआईनं ऐकली, तर तुमच्या मागं लागंल की. मी न्हाय मारली, अव्वा."

 मल्लव्वाच्या मागं दार सताड उघडं होतं. वळून बघायचा तिला धीर होईना. नाळ अजून कापायची होती.

"सिद्धरामा, दाराकडं तू बघ," ती पुटपुटली. "हितलं मी बघते."